थोरल्या छापयंत्राची आणि सावरखिंडीच्या दोन आडांची हकीकत

॥ श्री ॥ ज्या देवतेने बोलिलेला शब्द धरून ठेवावयास अक्षर दिले तीस पहिला नमस्कार, आणि ज्या हातांस शाई लागून जन्मात निघत नाही त्या हातांस दुसरा नमस्कार. शके अठराशे नव्वद, कीलक नाम संवत्सरे, भाद्रपद मासी राज्यात जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे. साहेबी पृच्छा केली जे, आपले छापखान्यात थोरले यंत्र आहे, ज्यास टोपीकर ऑफसेट म्हणतात, ते कैसे चालते, कोणत्या कामास लावावे आणि कोणत्या कामास लावू नये, हे समजेल ऐसे लिहून पाठविणे. त्यास, यंत्राची चाके आणि रूळ कोणीही मिस्तरी मोजून दाखवील, त्यास माझी गरज नाही. परंतु त्याच यंत्राने एकदा राज्याचा घात केला आणि एका भल्या पुरुषाचे घर शोकात बुडविले, ते सांगितल्यावाचून यंत्र समजत नाही, म्हणोन दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या. लिहिणार कोण हे पुसू नये. दरबारी होतो, डोळ्यांनी पाहिले, इतके पुरे.

ते वर्षी पाऊस अतोनात जाहला, नदी दोन्ही थडी सोडून शेतांत शिरली, तारयंत्राचे खांब वाहून गेले, आणि पूर ओसरला तो गावोगाव पटकी ठेवून गेला. सकाळी नांगरास गेलेला माणूस सांजवेळी चटईवर, ऐसी दशा जाहली. राज्यावर तेव्हा बाईसाहेब होत्या, त्यांनी राजवैद्य निळोपंत यांस सांगितले जे कारण शोधा, मग निळोपंत चिखल तुडवीत गावोगाव फिरले आणि प्रत्येक आडाचे पाणी तपासून आले आणि हात जोडून बोलिले जे, "रोग हवेत नाही, पाण्यात आहे, आणि सर्व पाण्यात नाही. एकाच गावात एक आड विषारी आणि एक निर्मळ, ऐसे पुष्कळ ठायी आहे. कोणता कोणता, हे घरोघर कळले तर माणसे वाचतील." आणि नवरात्रात देवीची जत्रा तोंडावर आलेली, लक्षावधी लोक एके ठायी मिळणार आणि रोग वाटून घेऊन परतणार, तेव्हा जे करणे ते जत्रेआधी करणे प्राप्त होते. दरबारातील शहाण्यांनी आपापली अक्कल उघडली. एक म्हणाले दवंडी पिटा. त्यावर निळोपंत संतापून बोलिले, "दवंडीवाला 'पलीकडचा आड' म्हणेल आणि गाव दिवसभर भांडेल की पलीकडचा म्हणजे कोणाचे पलीकडचा. चित्र पाहिजे. सर्व गावांचा एकच नकाशा, त्यात सर्व आड काळ्या कड्यांनी काढिलेले, आणि जो वाईट त्याचे कड्यात तांबडा ठिपका. ज्यास वाचता येत नाही त्यासही तांबडे कळते."

तेव्हा छापखान्याचे दरोगा भानजी रसाळ यांस बोलाविले. हे भानजी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळविण्यापासून वाढत वाढत दरोगा जाहलेले, साठीला टेकलेले, बोलणे थोडे, आणि छापखान्याबाहेर त्यांस दोनच गोष्टींचे वेड, एक तपकीर आणि दुसरी त्यांची एकुलती लेक भिवरा, जी राज्याचे पार टोकास सावरखिंड म्हणोन गाव आहे तेथे दिलेली. त्यांचेबरोबर धाकट्या यंत्राचे हवालदार सटवोजी आले. सटवोजी बोलिले, "आमचे सायक्लोस्टाइल घ्या. मेणकागदावर टाकाने नकाशा कोरितो, यंत्रावर चढवितो, दांडा फिरवितो, घटकेत कागद बाहेर. थोरल्या यंत्राची मांडामांड कशास?" बाईसाहेबांनी भानजींकडे पाहिले. भानजी म्हणाले, "सटवोजी खरे सांगतात, दोन-तीनशे कागद पाहिजेत तर त्यांचेच यंत्र उत्तम, आणि तेवढ्यास आमचे लावणे म्हणजे एका पाहुण्यासाठी गावजेवणाची चूल पेटविणे. परंतु पुढे मेणकागद फाटतो, रेघा पसरतात, आणि दोन रंग एकावर एक बसविणे त्यास जमत नाही. खिळ्यांची छपाई म्हणावी तर ती अक्षरांस चांगली, नकाशास नाही. येथे घरोघर द्यावयाचा कागद आहे, लाखभर, सगळा सारखा, रंगीत. हे काम थोरल्या यंत्राचेच. त्यास उभे राहावयास वेळ लागतो, पत्रे करावे लागतात, रंग जुळेतो ढीगभर कागद वाया जातो, परंतु एकदा चालले की मग पहिला कागद आणि लाखावा कागद यांत भेद नाही." बाईसाहेबांस इतक्याने समाधान न होता त्या स्वतः छापखान्यात यंत्र पाहावयास आल्या.

भानजींनी त्यांस पातळ धातूचा पत्रा दाखविला, ज्यावर नकाशा प्रकाशाने उतरविलेला होता, आणि बोट फिरवून बोलिले, "बाईसाहेब, यावर ना उंच ना खोल, हात फिरविला तर काही लागत नाही. खिळा उंच असतो म्हणोन शाई घेतो, येथे तैसे नाही. येथे सगळा कारभार तेल आणि पाणी यांचे वैरावर आहे. जेथे चित्र आहे ती जागा तेल धरते आणि पाणी झटकते, जेथे कोरे आहे ती जागा पाणी धरते. पत्रा नळकांड्यावर गुंडाळतो, तो फिरतो, आधी ओले रूळ त्यास पाणी पाजितात, मग शाईचे रूळ फिरतात. शाई तेलाची, ती ओल्या जागी बसत नाही, चित्रावरच बसते." बाईसाहेबांनी पुसिले, "मग पत्रा कागदावर दाबिला की झाले." भानजी हसले, ते वर्षातून एकदा हसत, आणि म्हणाले, "तेथेच तर या यंत्राची खुबी आहे. पत्रा कागदास शिवत नाही. तो शेजारचे नळकांड्यावर ताणलेल्या रबरास चित्र देतो, तेथे चित्र उलटे पडते, आणि रबर ते कागदास देते, तेथे पुन्हा सुलटे होते. म्हणोन पत्र्यावर अक्षर सुलटेच ठेवितो. रबर मऊ, कागद खरखरीत असो की गुळगुळीत, ते खाचाखोचांत शाई पोहोचविते, आणि पत्राही झिजत नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे जो हुकूम देतो तो रयतेस शिवत नाही, मध्ये कोणी मऊ माणूस लागतो." भानजी बोलिले, "मध्ये पाणीही लागते, बाईसाहेब. जास्त जाहले तर शाई फिकी, कमी जाहले तर कोरी जागा घाण. दिवसभर तेच पाहात बसावे लागते."

यंत्रास एका फेरीत दोनच रंग घेता येत. म्हणोन पहिले फेरीत काळा आणि निळा, म्हणजे गावे, नावे, ओढे आणि आडांची कडी, आणि दुसरे फेरीत पिवळा आणि तांबडा, म्हणजे शेते आणि वाईट आडांचे ठिपके, ऐसे ठरले. कागदाचे चारही कोपऱ्यांत बारीक फुल्या छापितात, दोन्ही फेऱ्यांच्या फुल्या एकमेकींवर बसल्या म्हणजे रंग जागेवर आहेत ऐसे समजावे. छापखान्याची चाल ऐसी की ज्याचे काम त्याने पहिला बरोबर कागद भिंगाने पाहावा, त्यावर सही करावी, तो कागद यंत्रापाशी टांगावा, आणि मग चालते यंत्रातून मधून मधून एक कागद ओढून त्याशी ताडून पाहावा. नमुन्याचे कागद कोठीतील जुन्या वाळल्या कागदावर काढिले, फुल्या बिनचूक बसल्या, निळोपंतांनी सही केली, कागद टांगिला. दुसरी चाल ऐसी की वखारीतून आणिलेला कागद लागलाच यंत्रावर चढवू नये, गठ्ठे सोडून यंत्राचे दालनात दोन दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे दालनाची हवा आणि कागदाची ओल सारखी होते. यास ते लोक कागद निजविणे म्हणतात. लाखभर कागद नदीकाठचे वखारीतून आला, तो पुरात राहिलेला, हातास गार लागत होता. भानजी बोलिले, "हा निजविला पाहिजे." तेव्हा निळोपंत, ज्यांनी पंधरवड्यात माणसे मरताना पाहिली होती आणि ज्यांचे डोळे झोपेवाचून तांबडे जाहले होते, ते बोलिले, "दरोगा, तुमचा कागद निजेल तोवर माणसे निजतील, आणि ती उठावयाची नाहीत. घाटात पाणी चढते आहे. आज गाड्या निघाल्या नाहीत तर टोकाची गावे तुटली. चढवा." यात निळोपंतांचा दुष्टावा काडीचा नव्हता. ज्यास सर्वांहून जास्त कळवळा त्यानेच घाई करावी, हे मी पुष्कळ राज्यांत पाहिले आहे.

मग यंत्र चालू जाहले, आणि पहिली फेरी उत्तम निघाली, आणि कागदाचे थर रचिले, आणि पत्रे बदलिले, आणि तेवढ्या अवकाशात बाहेर पाऊस, आत रूळांचे पाणी, ऐसियात कागद आणखी ओल पिऊन वाढला, जैसे दमट दिवसांत लाकडाचे दार फुगून चौकटीत बसत नाही. दुसरे फेरीचे कागद पडू लागले तेव्हा भानजींनी एक ओढून भिंग लाविले. ज्या कडेने यंत्र कागद चिमट्यात धरिते त्या कडेच्या फुल्या बरोबर होत्या. दूरचे कोपऱ्यात भिंग नेले आणि ते थबकले. निळोपंतांनी पुसिले, "काय जाहले?" "कागद वाढला. या टोकास तांबडे सरकले आहे." "किती?" "तांदळाची कणी." "मग चालेल की नाही, एवढे सांगा." आता भानजींनी तीस वर्षे काय छापिले होते ते ध्यानी घ्यावे. देवीदेवतांची चित्रे, राजघराण्यातील लग्नांच्या तसबिरी, साबणाच्या वड्यांवरील बायका. त्यांत कणीभर तांबडे सरकले तर देवीचा ओठ किंचित जाड दिसतो, नमस्कार करणारास तोही आवडतो, आणि आजवर कोणी तक्रार घेऊन आला नव्हता. छापखान्यात कणीभर म्हणजे माफ, ऐसे मोजमाप त्यांचे डोळ्यांत बसून गेलेले. ते बोलिले, "चालेल." आणि यंत्र चालत राहिले, आणि जी गावे सर्वांत दूर त्यांचे गठ्ठे सर्वांआधी बांधून गाड्या घाटाकडे निघाल्या. नकाशात जी गावे दूरचे टोकास तीच कागदाचेही दूरचे टोकास होती, हे त्या वेळी कोणाचे मनात आले नाही, माझेही नाही.

दुसरे दिवशी दोन प्रहरी भानजी भाकरी खावयास बसले, आणि एक कागद शेजारी होता तो सहज उचलिला, आणि कोणीही बाप करील तैसे लेकीचे गाव शोधिले. सावरखिंडीस दोनच आड आहेत. एक वेशीचा, एक चिंचेखालचा, मध्ये एक गल्ली, म्हणोन नकाशात त्यांची कडी एकमेकांस टेकलेली. तांबडा ठिपका चिंचेखालचे आडात होता. भानजींनी लेकीचे लग्नात त्या आडाचे पाणी प्यालेले, निळोपंतांनीही तेच पाणी निर्मळ म्हणोन सांगितलेले त्यांस आठवले. ते उठले, यंत्रापाशी टांगलेला सहीचा कागद पाहिला, त्यात ठिपका वेशीचे आडात होता. इतर गावी आड लांब लांब, तेथे ठिपका कड्याबाहेर किंचित आला तरी समजत होते. या एका गावी तो एका आडातून उठून दुसऱ्यात जाऊन बसला होता. भानजींनी हात उष्टा तैसाच यंत्राचा खटका ओढिला आणि यंत्र थांबले, आणि तैसेच बाईसाहेबांसमोर जाऊन बोलिले, "मी चालेल म्हणालो. ते चालत नव्हते." निळोपंत बाजूस उभे होते, ते बोलिले, "घाई माझी होती. कागद निजवू दिला नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "दोष वाटून घ्यावयास पुढे वेळ आहे. आता काय करावयाचे ते बोला."

मग भानजी बोलिले जे, वखारीतून दुसरा कागद आणून दालनात मोकळा करून निजवावा आणि नव्याने छापावा, झालेले सर्व रद्दीत घालावे, जत्रेआधी होईल. परंतु सावरखिंडीस आत्ता पाहिजे आणि पाऊणशे घरांस पाहिजे, तेथे थोरले यंत्र कामाचे नाही. सटवोजी उठले, मेणकागदावर एकट्या सावरखिंडीचा नकाशा कोरिला, वाईट आडावर रंगाऐवजी फुली काढिली, दांडा फिरविला, आणि भानजी घोड्याची खोगीर आवळीत होते तोवर ओला गठ्ठा त्यांचे हाती दिला आणि म्हणाले, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. लेक तुमची शहाणी आहे, कागदापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवील." साठीचा माणूस, जन्म उभ्याने यंत्रापाशी गेलेला, घोड्यावर बसून चढत्या पाण्यातून घाट चढून गेला.

तिसरे दिवशी सावरखिंडीत शिरताच त्यांनी चिंचेखालचा आड पाहिला. त्यावर बाभळीच्या काट्या रचिल्या होत्या, आणि वेशीचे आडावर बायका पाणी भरीत होत्या. भानजी घोड्यावरून ओरडले, "ओता ते! ओता!" बायका बावरून उभ्या राहिल्या. मग ते लेकीचे घरी गेले तो अंगणात माणसे बसलेली आणि भिवरेचे सासरे दुलबाजी यांस बाहेर आणून निजविलेले, वर पांढरे घातलेले. भिवरा उंबऱ्यात बसली होती. बापास पाहून ती उठली नाही. म्हणाली, "दादा, तुमचा कागद आला तेव्हा गावानं ऐकलं नाही. मामंजी तर म्हणाले, मी जन्मभर चिंचेखालचं पाणी प्यालोय, मला काय झालं? मीच त्यांना सांगितलं, हा माझ्या बापाच्या हातचा कागद आहे, तो खोटा निघायचा नाही. मग त्यांनीच पहिली काटी आणून टाकली." भानजींनी गठ्ठा उंबऱ्यापाशी ठेविला. ते बोलिले, "भिवरे, तांबडं सरकलं होतं. मी पाहिलं होतं." ती पदर तोंडाशी धरून आत गेली. आणखी तिघे त्या गावात तेच दिवशी गेले. निळोपंत मागून मीठ-साखरेचे पाणी आणि औषधे घेऊन आले म्हणोन बाकीचे उठले.

भानजींनी पाटलाचे चावडीवर गाव जमविले आणि सर्व चूक आपले तोंडाने सांगितली, आणि सटवोजींचे कागद पुढे केले जे हे खरे आहेत. कोणी हात पुढे केला नाही. पाटील म्हातारे होते, रागावले नाहीत, परंतु बोलिले, "दरोगासाहेब, तवा बी कागद खराच हुता. आता ह्यो बी खराच म्हनता. आमी कुनाचं धरायचं? आमास कागद नगं. तुमी हितं ऱ्हावा. तुमी सोता आडावर बसा आन् ज्यो कोन यील त्येला तोंडानं सांगा, मंग आमी पानी भरू." भानजी म्हणाले, "बसतो." आणि ते चिंचेखाली आडाचे काठावर बसले. काट्या स्वतः उपसून टाकिल्या, हात सोलून निघाले. लोक येत, पुसत, भानजी पाणी शेंदून आधी आपण पीत आणि मग "चांगले आहे" ऐसे म्हणत. राजधानीत त्यांचे शिष्यांनी कागद निजवून लाखभर नकाशे बिनचूक काढिले, ते जत्रेआधी घरोघर गेले, पटकी हटली, जत्रा पार पडली, बाईसाहेबांनी सांगून पाठविले जे परत यावे, दोष माफ आहे. आणि एका दिवसात लाख माणसांस एकच गोष्ट सांगणारा तो पुरुष आडाचे काठी बसून एकेकास तीच सांगत राहिला. दुलबाजींचे सुतक फिटले तेव्हा भिवरा घागर घेऊन तेथे आली. इतके दिवस घरचे पाणी शेजारीण भरीत होती. तिने दादा म्हणोन हाक मारिली नाही. गावच्या बायांप्रमाणेच पुसिले, "हे पाणी चांगलं आहे का?" भानजी उभे राहिले आणि बोलिले, "आहे, बाई." तिने आडात वाकून पाहिले. मग म्हणाली, "नीट बघितलंत?" ते म्हणाले, "नीट पाहिलं." तेव्हा तिने घागर आडात सोडिली, आणि ती भरून वर येईतो दोघांनी मिळून दोर ओढिला.

साहेबी पुसिले त्याचे उत्तर येवढेच जे, कागद पुष्कळ, मजकूर सर्वांस एक, रंग अनेक आणि हाती पुरता अवकाश, ऐसे चारही असतील तर थोरले यंत्र लावावे, त्यासारखे दुसरे नाही. थोडे आणि तातडीचे असेल तर लावू नये. आणि कणीभर चूक माफ की नाही हे ठरविताना, तो कागद पाहून जो पाणी भरणार आहे त्याचे घर मनात आणावे. कागद चुकला की एकाचे नव्हे, सर्वांचे चुकते, आणि विश्वास असेल तेथे आधी चुकते. त्या वर्षी सावरखिंडीत जे गेले त्यांची नावे कोठे छापिली गेली नाहीत, म्हणोन हाताने लिहून ठेविली: दुलबाजी, काशाई, हैबती, आणि सुताराची लेक मंजुळा.